ठाणेदाराचे आठ सुळे

समोरच्या माणसाचा चेहरा बघण्याआधी त्याचे दात बघायचे. नाव विसरायचं, दाढ लक्षात ठेवायची. कोणाच्या तोंडात फट दिसली की "कोणी काढला?" असं विचारायचं, घरात खून झाल्यासारखं. चहा डाव्या गालात धरायचा, बिस्किट उजवीकडे चावायचं. फ्लेक्सवर हसणाऱ्या पुढाऱ्याकडे बघून "वरचा सेट खोटा" म्हणायचं आणि पुढे निघायचं. बोलताना बोटात मेणाची गोळी मळत ठेवायची. दातांच्या डॉक्टरांना 'काढणारे' म्हणायचं, आणि त्याच डॉक्टरांनी पाठवलेल्या कामावर घर चालवायचं.

पवनारचे बंडूजी झाडे कवळ्या करतात. वर्ध्याचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, त्यावरून प्लास्टरचा जबडा ओततात आणि तो पिशवीत घालून एसटीच्या कंडक्टरच्या हवाली करतात. पवनारच्या थांब्यावर बंडूजी उभे असतात. जबडा उतरतो. घरच्या पुढच्या खोलीत त्यावर मेण चढतं, मेणात दात लागतात आणि ते तोंड उलट्या गाडीनं परत वर्ध्याला जातं. एकदा थांब्यावर पोचायला उशीर झाला, तेव्हा एका माजी सभापतींचा जबडा सेलूपर्यंत जाऊन आला. बंडूजी म्हणाले, "इतक्या वर्षांत त्यायचं तोंड पहिल्यांदा लोकांत फिरलं."

काम झालेले जबडे ते टाकत नाहीत. खोलीच्या भिंतींना फळ्या आहेत. पंचक्रोशीतली प्रतिष्ठित मंडळी तिथं ओळीनं, बोळकी उघडून बसलेली आहेत. त्यातली बरीच आता हयात नाहीत. मी शेजारीच राहतो. पहिल्यांदा त्या खोलीत गेलो तेव्हा एम.ए.च्या दोन वर्षांत न सापडलेला भयानक रस मला तिथं सापडला.

बंडूजींचे सिद्धांत दोन. पहिला, दात कधीही काढू नये. "दात काढणं हे काम नाई. ते कोणीबी करते. दात लावणं काम आहे." दुसरा, जिवंत तोंडावर विश्वास ठेवू नये. तोंडात जीभ मध्ये येते, थुंकी चमकते, माणूस ओरडतो. "तोंड फसवते, प्लास्टर नाई फसवत."

पहिल्या सिद्धांताचा पुरावा ते स्वतःच्या तोंडात घेऊन फिरतात. उजवीकडे, खालच्या रांगेत, त्यांची एक दुधाची दाढ अजून शाबूत आहे. साठीला आलेला माणूस, पण त्या कोपऱ्यात अजून बालवाडी भरते. ओळख झालेल्या प्रत्येकाला गाल ओढून ती दाखवली जाते. मलाही दाखवली होती. मी "अभिनंदन" म्हणालो.

सिद्धांताला अपवाद मात्र घरातच निघाला. त्यांच्या बायकोचे, सुमित्राबाईंचे, दात हिरड्यांच्या दुखण्यात एकेक करून गेले. बंडूजींनी कवळी केली. ती टोचायची. "सवय होते," बंडूजींनी सांगितलं. काकूंनी बराच काळ सवय होण्याची वाट पाहिली. मग कवळी स्टीलच्या डब्यात गेली आणि डबा स्वयंपाकघरात, जिऱ्याच्या शेजारी. लग्नाकार्यात काकू ती लावतात. पंगत बसली की काढून रुमालात बांधतात. जेवताना काढून ठेवायचे दात जगात आणखी कोणी बनवले असतील असं मला वाटत नाही.

या घरात कुत्रा आला.

तो आणला आचलनं. आचल म्हणजे त्यांची मुलगी. तिला हैदराबादला नोकरी लागली, तिथल्या खोलीत कुत्रा चालत नाही असं कळलं, आणि मैत्रिणीकडून घेतलेलं पिल्लू तिनं आईबापाच्या ओटीत टाकलं. "बाबा, दिवाळीले येतो. तोवर नीट सांभाळजा." आई पॉमेरियन. बाप कोण ते कोणी सांगत नव्हतं. आकार सोललेल्या नारळाएवढा, रंग पांढरा, आवाज फाटका. बंडूजींनी त्याचं नाव ठेवलं ठाणेदार.

ठाणेदारानं आल्या आल्या चार्ज घेतला. चपला, खराटा, माझ्या हातातलं पुस्तक, सगळ्यांची झडती झाली. मग त्याचे दुधाचे दात पडू लागले. बंडूजी ते फरशीवरून चिमट्यानं उचलत आणि उजेडात धरून बघत. पुढचे पडले, नवे आले. दाढा आल्या. सगळं शिस्तीत चाललं होतं. फक्त चार सुळे पडेनात. त्यांच्या शेजारून नवे चार आले, तरी जुने जागेवरच.

दुसऱ्या एखाद्या घरात यावर काळजी केली असती. बंडूजींनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

"आठ सुळे!" थांब्यावर, पानठेल्यावर, देवळाच्या ओट्यावर ते सांगत सुटले. "वरच्यानं चार दिले, यानं चार ठेवले. माह्यावर गेला." येणाऱ्याजाणाऱ्यासमोर ठाणेदाराचा ओठ वर करून प्रदर्शन होई. वडनेरचे अण्णाजी आपली कवळी न्यायला आले होते. शेतकरी माणूस. त्यांच्या तुरीत रानडुकरं शिरतात. त्यांनी बराच वेळ त्या जबड्याकडे बघितलं.

"मोठा झाला की मले देजा हा," ते म्हणाले. "हाच डुकराले उभा फाडीन."

ठाणेदार तेव्हा त्यांच्या पायातल्या बुटाच्या नाडीला घाबरून टेबलाखाली गेला होता. दोघांनाही त्यात काही विसंगती दिसली नाही.

पहिल्यांदा लक्ष गेलं ते काकूंचं. तो भाकरीचा तुकडा उचलायचा आणि टाकायचा. मान वाकडी करून चावायचा. तोंडाला वास येऊ लागला. दुहेरी सुळ्यांच्या फटीत अन्न अडकून सडत होतं. मग तो दुधाच्या वाटीवर आला. मग वाटीही अर्धी राहू लागली.

"हा खाऊन नाई राह्यला," काकू म्हणाल्या.

"नखरे करून राह्यला," बंडूजी म्हणाले. "सवय होते."

काकूंनी जिऱ्याशेजारच्या डब्याकडे बघितलं. मग मला हाक मारली. "गाडी काढ रे. दवाखान्यात जाऊ." बंडूजी पिल्लू मांडीवर घेऊन माझ्या मागं बसले, ते फक्त डॉक्टरला आठ सुळे दाखवायला.

वर्ध्याच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉ. काजल उईके आहेत. आर्वीकडच्या. माझ्याच वयाच्या. त्यांच्याकडे कोणी कुत्र्याचे दात मिरवायला आलेलं नसावं, कारण त्यांनी बंडूजींचं भाषण शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काका, हे दुधाचे सुळे पडाले पाहिजे होते," त्या म्हणाल्या.

"पडले नाईत म्हणजे मजबूत आहेत."

"मजबूत नाईत, अडेल आहेत. हे पाहा. वर्ध्याच्या गाडीत तुमच्या सीटवर एक जण आधीच बसून आहे. उठत नाई. तुमी काय करान?"

"उभा राहीन."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? गल्लीत."

"मग या इकडं." त्यांनी ठाणेदाराचा खालचा ओठ ओढला. "खालचे दोन्ही पक्के सुळे गल्लीत उभे आहेत. जिभेच्या बाजूनं. तोंड मिटलं का वर टाळूत रुततात. म्हणून तो खात नाई. असंच राह्यलं तर टाळूले भोक पडन, आणि खाल्लेलं नाकातून येईन."

बंडूजींनी थोडा विचार केला. "पुढं जाऊन गाडी खाली झाली तर?"

"तुमी रोज थांब्यावर राहता ना? पाह्यली कधी खाली झालेली?"

मी खिडकीबाहेर बघू लागलो. बंडूजींनी शेवटचा पुरावा काढला. स्वतःचा गाल ओढला आणि दाढ दाखवली.

"मी जनावराची डॉक्टर आहे, काका," म्हणत त्यांनी तिथंही टॉर्च मारला. "तुमच्या दाढेखाली पक्की दाढ आलीच नसन. सीट कोणी मांगतलीच नाई, म्हणून ही आरामात बसून आहे. याच्या तोंडात मालक दारात उभा आहे. या आठवड्यात काढू. उशीर केला तर नवे सुळे तिथंच वाकडे घट्ट होतीन. मग सगळंच अवघड."

"पाहू," बंडूजी म्हणाले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "ही बी काढणारीच."

घरी येताना त्यांनी योजना सांगितली. दात काढायचा नाही. ठाणेदारासाठी प्लेट बनवायची. टाळूला बसेल अशी, उताराची. तोंड मिटलं की नवे सुळे त्या उतारावरून घसरून बाहेर जातील. जुने राहिले तरी हरकत नाही. सगळे गुण्यागोविंदानं नांदतील. कुत्र्याला कवळी. मी गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ थांबलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी माप घ्यायचं ठरलं. मापाचा मसाला गुलाबी असतो. लहान मुलांनी तोंड उघडावं म्हणून त्याला स्ट्रॉबेरीचा वास असतो. मी मागचे पाय धरले. काकूंनी मान धरली. बंडूजींनी सर्वात छोट्या ट्रेमध्ये मसाला भरला आणि ठाणेदाराच्या तोंडात घातला. दोन दिवस उपाशी असलेल्या ठाणेदारानं माप खाल्लं.

दुसऱ्यांदा त्यानं बंडूजींचा अंगठा धरला.

"तुमचंच माप घेतलं त्यानं," काकू म्हणाल्या.

"तू मान नीट धर."

"मानेनं नाई चावला तो."

शेवटी मेण आलं. गरम पाण्यात मऊ केलेला जाडसर गोळा. काकूंनी त्याला थोडी साय लावली. ठाणेदारानं तोंड उघडलं, गोळा घेतला, एकदा जोरात चावला आणि कळवळून सोडून दिला. मग कोपऱ्यात जाऊन पाठ करून बसला.

मेणावर ठसा मात्र असा उठला होता की बंडूजी खूश झाले. "पाह्य. वर्ध्याच्या कोण्या डॉक्टरनं असं माप पाठवलं नाई आजवर." त्यात प्लास्टर ओतलं. वाळेपर्यंत प्लेटचं चित्र काढलं. मला उतार समजावून सांगितला. मी साहित्याचा माणूस आहे याची आठवण करून दिली, तर म्हणाले, "म्हणूनच सोपं करून सांगून राह्यलो."

प्लास्टर वाळलं. त्यांनी मेण सोडवलं. अक्रोडाएवढा जबडा हातात घेतला, खिडकीशी गेले, उलटा केला.

मग पुन्हा उजेडात धरला.

मी जवळ गेलो. टाळूत दोन खड्डे होते. एकाशेजारी एक, टोकदार पेन्सिल दाबल्यासारखे. डॉक्टरनं त्यांना हेच टॉर्च मारून दाखवलं होतं. काकूंनी भाकरीच्या तुकड्यांनी दाखवलं होतं. कुत्रा स्वतः महिनाभर सांगत होता. पण ती सगळी जिवंत तोंडं. बंडूजींनी करंगळीचं नख डाव्या खड्ड्यात घातलं. नख बुडालं.

"खोल आहे," ते म्हणाले.

प्लेटचं चित्र टेबलावर राहिलं. काकूंनी कोपऱ्यातून ठाणेदाराला उचललं. संध्याकाळभर त्या खोलीत मेण मळल्याचाही आवाज नव्हता, आणि मेणाला आवाज नसतो हे मला माहीत आहे.

सकाळी मी उठलो तेव्हा ते निघून गेले होते. माझ्या गाडीची वाट न बघता थांब्यावर गेले होते, पहिल्या गाडीसाठी. कंडक्टरनं सवयीनं पिशवीसाठी हात पुढं केला म्हणे. या वेळी तोंड मालकासकट चढलं.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा ठाणेदाराला इंजेक्शन दिलेलं होतं. बंडूजी बाहेर लिंबाखाली बसले होते. बोटात मेण. आत जायला त्यांना परवानगी होती. ते गेले नाहीत. आयुष्य दातांत काढलेल्या या माणसानं दात निघताना कधी बघितलाच नव्हता. त्यांच्याकडे तोंडं यायची ती सगळं उरकल्यावर. प्लास्टरची. शांत.

"भूल जास्त झाली तर?" त्यांनी मला विचारलं.

"नाही होणार."

"तुले काय समजते त्यातलं?"

"काहीच नाही."

"मग काऊन बोलतो?"

डॉक्टर कापसावर चार सुळे घेऊन बाहेर आल्या. बंडूजींनी ते एकेक उचलले. वर दिसत होता तो भाग तांदळाएवढा होता. खाली मूळ त्याच्या दुप्पट, सुईसारखं, बाकदार. ते त्यांनी उन्हात धरले. चारही वेळा टोकापर्यंत बघितलं.

"एकबी तुटला नाई," ते म्हणाले. मग इकडंतिकडं बघून, जणू कोणी ऐकेल, "हात चांगला आहे पोरीचा."

काढणाऱ्या माणसाबद्दल त्यांच्या तोंडून चांगला शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं ती भूल थोडी बाहेरही आली असावी.

पण सगळं मिटलं नव्हतं. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. वरचे ठीक होतील. खालचा उजवा वाट मिळाली की सरकेल. डाव्याला उशीर झाला आहे. जखम भरली की त्याला घट्ट रबराचा चेंडू चावायला द्या, रोज. चेंडूनं तो बाहेर ढकलला गेला तर गेला. नाही तर तो नवा सुळा कापून आखूड करावा लागेल. "तुमी आठवडाभर आधी आले असते तर हे सांगतलं नसतं मी," त्या म्हणाल्या. बंडूजींनी त्या काढणारीलाच चेंडू केवढा घ्यायचा ते विचारलं. माझ्या माहितीत तेही पहिल्यांदाच.

पुढचे दोन महिने त्या घरात चेंडूशिवाय काही चाललं नाही. वर्ध्याची तोंडं थांब्यावर ताटकळली. एका नवरदेवाच्या बापाला हळदीत बोळक्यानं हसावं लागलं. दर आठवड्याला ठाणेदार साय लावलेलं मेण चावायचा. आता न कळवळता, आवडीनं. दर आठवड्याला एक प्लास्टर निघायचं आणि फळीवर जायचं. माजी सभापतींच्या शेजारी कुत्र्याच्या टाळूची रांग लागली. बंडूजी रोज तिच्यावरून नख फिरवत. उजवा खड्डा लवकर भरला. डावा रेंगाळला. आचलचा फोन आला की ते म्हणत, "मजेत आहे," आणि फोन काकूंकडे देत.

दिवाळीच्या आधी एका सकाळी त्यांनी मला खिडकीतून हाक मारली. नवं प्लास्टर पुढं केलं. टाळू सपाट होती. डाव्या सुळ्याचा ठसा आता ओठाच्या बाजूला, वरच्या दातांच्या फटीत उठला होता. थोडा तिरका, पण बाहेर.

"सीट भेटली," ते म्हणाले.

अण्णाजी कवळी घासून घ्यायला आले तेव्हा त्यांनी ठाणेदाराचा ओठ वर केला आणि नाराज झाले. "चारच? कमी केले काय?"

"बदली झाली," काकू आतून म्हणाल्या.

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. आचल आली, कुत्र्याला भेटली, रडली, परत गेली. पण ती गेली त्या दुपारी काकू पुढच्या खोलीत आल्या. हातात जिऱ्याशेजारचा डबा. त्यांनी तो उघडला आणि कवळी टेबलावर ठेवली, ठाणेदाराच्या प्लास्टरांच्या मधोमध.

"याच्या टाळूले खड्डा दिसला तर तुमाले झोप नाई आली," त्या म्हणाल्या. "माह्या हिरडीचं प्लास्टर काढून पाहा एकडाव. तोंड फसवत असन माहं."

बंडूजींनी गुपचूप मसाला कालवला. काकू खुर्चीवर बसल्या. बंडूजींनी ट्रे जवळ नेताना हात जरा मागं घेतला.

"घाबरू नका. चावाले दात कुठं आहेत?"

प्लास्टर वाळलं. ते खिडकीशी गेले. खालच्या हिरडीवर, डावीकडे, एक लांब चरी होती. कवळीची कड वर्षानुवर्षं लग्नाच्या फोटोंपुरती बसून गेलेली. त्यांनी त्या चरीत करंगळीचं नख ठेवलं. ते बसलं. सवय होते असं या वेळी कोणी म्हणालं नाही.

त्यांनी नवी कवळी करायला घेतली आहे. बाहेरचं काम बाजूला ठेवून, असं सुमित्राबाईंच्या बाबतीत पहिल्यांदाच. मेण चढलं, दाढा लागल्या, पुढचे चार लागले. वरचे दोन सुळे राहिले. तिथं काम थांबलं. ते दातांच्या पाकिटातून एक सुळा काढतात, लावतात, लांबून बघतात, काढतात. पंचक्रोशीतल्या प्रत्येकाचे दात पाठ असलेल्या माणसाला बायकोचे खरे सुळे कसे होते ते आठवत नाही.

त्यांनी मला लग्नाचा फोटो मोबाइलवर मोठा करून मागितला. मी केला. काकूंचं तोंड मिटलेलं आहे.

शेवटी त्यांनी काकूंनाच विचारलं. "कसे होते तुहे सुळे?"

"मी काय आरशात सुळे पाहत होती? तुमी पाहाले पाहिजे होते." मग जाता जाता म्हणाल्या, "बसवा कोणतेही. मले शेंगा खायच्या आहेत."

मेणाची कवळी टेबलावर आहे. तिच्यावर ओला रुमाल झाकलेला असतो. खाली ठाणेदार चेंडू चावत पडतो. काल मी रुमाल उचलून बघितला. सगळे दात जागेवर आहेत. सुळ्यांच्या दोन जागा रिकाम्या आहेत.